पाणपोईचा नळ आणि एक पूर्णांक दहा व्होल्ट

गोदादर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थेतून गोदावरी दिसत नाही. गच्चीवर चढून, कठड्याला पोट टेकवून मान पंचवटीच्या दिशेला कितीही ताणली तरी दिसते ती पिठाच्या गिरणीची पत्र्याची शेड, आणि उलटीकडे वळलं तर सातपूरच्या कारखान्यांच्या चिमण्या. नाव ठेवणाऱ्या बिल्डरला हे माहीत होतं, फ्लॅट घेणाऱ्यांनाही माहीत होतं. तरीही नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही. ज्या इमारतीचं नावच खोटं आहे तिथे एका माणसाने खरं बोलायचा हट्ट धरला, तर त्याचं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

तो माणूस म्हणजे प्रा. सावळीराम खैरनार. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले होते. अकरावी-बारावीला शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणावं का, हा प्रश्न त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. दारावरच्या पितळी पाटीवर 'प्रा.' ही अक्षरं बाकीच्या नावापेक्षा मोठी कोरलेली होती आणि दर रविवारी सर स्वतः ती चिंचेनं घासत.

गुढीपाडव्याला सोसायटीने फाटकाशी पाणपोई काढली. पाणपोई म्हणजे काय, तर जुन्या नाशकातल्या भांडीबाजारातून आणलेलं एक तांब्याचं भलंमोठं पिंप, त्याला खाली नळ, वर ओला फडका आणि मागे चेअरमन हिरामण आहेर यांचा हसरा फोटो असलेला फलक. फोटो पिंपापेक्षा मोठा होता. आहेर पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या फायली अडवल्या होत्या, त्यामुळे म्हातारपणी लोकांना पाणी पाजून घ्यावं असं त्यांना वाटलं असेल तर ते योग्यच होतं.

नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि आपल्या वाट्याचा ग्लास घ्यायला सर पुढे वाकले ते तसेच वाकून राहिले.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"नळ," आहेर म्हणाले.

"नळ मलाही दिसतो. पिंप आणि नळ जोडणारा हा मधला निपल कशाचा आहे?"

प्लंबर चंदर पुढे झाला. "लोखंडी हाय सर. पितळी भेटला नाय. पन वरून जस्त मारलेलं हाय, गंजायचं नाव नाय. लय दाबून बसवलाय."

खैरनार सर सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बारावीच्या पोरांना तोंडी परीक्षेत दिसायचं आणि त्यांची दातखीळ बसायची.

"जस्त उणे शून्य पूर्णांक शहात्तर. लोखंड उणे शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. तांबं अधिक शून्य पूर्णांक चौतीस. जस्त आणि तांबं यांत फरक एक पूर्णांक दहा व्होल्ट! हे प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियल आहे आहेर, हे कुणाच्या बापाला ऐकत नाही. ज्याचा आकडा खाली तो इलेक्ट्रॉन देतो आणि झिजतो. ज्याचा आकडा वर तो नुसता बसून राहतो. आधी जस्त जाईल, मग लोखंड जाईल, मग नळ जाईल."

"कुठे जाईल?" सेक्रेटरी बुद्धभूषण पगारे यांनी काळजीने विचारलं. पगारे विम्याचे एजंट होते. जाण्या-येण्याच्या गोष्टीत त्यांचं लक्ष असे.

"गळून पडेल! अक्षय्य तृतीयेच्या आत."

व्होल्टातून अक्षय्य तृतीया कशी निघाली हे कुणी विचारलं नाही. सरांच्या तोंडी त्या क्षणी आलेला तो जवळचा सण होता, एवढाच त्याला आधार. पण एकदा शब्द तोंडातून गेला, आणि खैरनार सर त्यांच्या आयुष्यात कधी शब्द मागे घेणाऱ्यांतले नव्हते. परीक्षेच्या पेपरात चुकीचा प्रश्न निघाला तरी ते पोरांनाच चूक ठरवत.

पुढच्या रविवारी सभा होती. सरांनी ठरवलं की या अडाण्यांना प्रयोग करून दाखवायचा. द्राक्षबागेवर मारायला मोरचूद लागतं, त्यामुळे नाशकात ते कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतं. सरांनी ते आणलं, काचेच्या ग्लासात विरघळवलं, निळंशार पाणी सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि त्यात एक लोखंडी खिळा सोडला. थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला. खिळ्यावर तांबूस थर चढला होता.

"पाहा!" सर गरजले. "लोखंड विरघळलं, त्याच्या जागी तांबं बसलं. टेबलमध्ये जे लिहिलंय तेच झालं. आता बोला!"

आहेरांनी खिळा हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे सर, लोखंडावर तांबं चढतं?"

"चढतं!"

"मग आपला नळ काही दिवसांनी तांब्याचा होईल. आणि तोही फुकटात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पगाऱ्यांनी सरांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. सर ओरडून सांगत होते की हे मोरचुदाचं पाणी आहे, त्यात तांबं विरघळलेलं आहे, पिंपात साधं पाणी आहे, पिंपाचं तांबं उठून नळावर बसायला येणार नाही. पण ठराव मंजूर झाल्यावर कुणी ऐकायचं कारणच नव्हतं, चहा आला होता.

घरी आल्यावर साधनाताई म्हणाल्या, "अहो, पितळी निपल आणून गुपचूप बसवून टाका आणि सुटा एकदाचे."

"गुपचूप?" सर म्हणाले. "साधना, ज्ञान गुपचूप नसतं."

असल्या वाक्यांनीच या घराचं वाटोळं झालं होतं, असं साधनाताईंचं जुनं मत होतं. त्या भाजी निवडत राहिल्या.

सरांनी अर्ज दिला. तो साध्या कागदावर होता म्हणून परत आला. विहित नमुन्यात दिला, तर सभासद क्रमांक खोडलेला म्हणून परत आला. तिसऱ्या खेपेला आहेरांनी तो वाचला आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "सर, याला तज्ज्ञाचा अहवाल जोडा."

"मीच तज्ज्ञ आहे!"

"तुम्ही सभासद आहात. सभासदाला स्वतःच्याच अर्जाला तज्ज्ञ म्हणून राहता येत नाही. नियम नाहीये तसा."

महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात सर गेले तर तिथला माणूस म्हणाला, मीटरच्या पुढचं आमचं नाही. सातपूरला धातू तपासणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे सर गेले तर म्हणाले, नमुना आणा. नमुना म्हणजे निपल. निपल काढायचा तर सोसायटीचा ठराव हवा, ठराव हवा तर अहवाल हवा, आणि अहवाल हवा तर निपल. सर खुर्चीत बसले आणि कपाळ पुसू लागले.

त्या प्रयोगशाळेत त्यांची जुनी विद्यार्थिनी तेजल कामाला होती. तिने पाणी आणून दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, पडेल हो नळ. पण त्याला कितीतरी वर्षं लागतील. महापालिकेच्या साध्या पाण्यात करंट कुठे वाहतोय एवढा?"

"एक पूर्णांक दहा व्होल्ट आहे तेजल!"

"सर, तुम्हीच आम्हाला लिहून द्यायचात. पोटेन्शियल हे सांगतं की रिॲक्शन होईल की नाही. कधी होईल ते सांगत नाही. मला तर ते वाक्य अजून पाठ आहे." मग सरांचा पडलेला चेहरा पाहून तिला वाईट वाटलं. "पाण्यात मीठबीठ असतं तर गोष्ट वेगळी होती."

हे वाक्य सरांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. आणि ते त्यांना एकदाही ऐकू आलं नव्हतं. पोरांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि स्वतः पाळायच्या वेगळ्या, हे शिक्षकांचं जे असतं तेच.

अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आमच्याकडे पाण्याचा घडा दान देतात, त्यामुळे पाणपोईला नुसती झुंबड होती. सर सकाळपासून गॅलरीत उभे होते. नळ फिरत होता, पाणी पडत होतं, नळ पडत नव्हता. संध्याकाळी पगारे झेंडूचा हार घेऊन आले. फाटकाशी भाजी आणि फुलं घेऊन बसणाऱ्या गोजराबाईंकडून त्यांनी तो बनवून घेतला होता. सगळ्या बिल्डिंगदेखत त्यांनी तो हार नळाला घातला. कुणीतरी शिट्टी मारली. आहेर वर पाहून म्हणाले, "सर, खाली या, पेढा घ्या! नळाचा वाढदिवस आहे!"

सर आत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. साधनाताईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहिलं, कारण आमरस होता.

इथपर्यंत खैरनार सर नुसते मूर्ख होते आणि मूर्ख माणसाचा कुणाला राग येत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी सोसायटी पंख्याखाली आडवी झाली असताना, सर स्वयंपाकघरातून मुठीत मीठ घेऊन खाली उतरले. फाटकावर कॅमेरा होता. तो नुसता डबा होता, आत काही नव्हतं, हे सरांना ठाऊक होतं, कारण तो बसवला तेव्हाही त्यांनी अर्ज केला होता. सरांनी फडका उचलला, मूठ सोडली आणि वेळूच्या काठीने पिंप ढवळलं. शास्त्राला थोडी मदत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. निसर्गाचा नियम आपल्या अब्रूच्या वेळापत्रकाने चालावा म्हणून वाटसरूंच्या पिण्याच्या पाण्यात मीठ टाकणाऱ्या माणसाला दुसरं काहीतरी नाव आहे, पण ते त्यांना तेव्हा सुचलं नाही.

आणि इथे नाशिककरांनी सरांना दगा दिला. त्यांना ते पाणी आवडलं.

मे महिन्याचं ऊन होतं. पहिली पाळी सुटलेले कामगार घामाने निथळत यायचे, ग्लासभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "काय चव ए राव!" चार दिवसांत बातमी पसरली की गोदादर्शनच्या पाण्यात तांब्याचा गुण उतरलाय. पगाऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं की तांब्यातलं पाणी सहा आठवड्यांनी पक्व होतं. कुणाचे गुडघे दुखायचे थांबले, कुणाचं पित्त गेलं. पलीकडच्या सोसायटीतल्या बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. रिक्षा थांबू लागल्या. एके दिवशी सरांनी वैतागून मीठ टाकलंच नाही, तर संध्याकाळी तक्रार आली की आज पाण्यात दम नाही.

झालं, सर अडकले. आता रोज दुपारी मीठ टाकणं भाग होतं. साधनाताई विचारत, "अहो, घरात माणसं दोन, एवढं मीठ जातं कुठं?" सर म्हणत, "उन्हाळा आहे." त्या एकदा खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं दिसलं. त्यांनी फक्त जाडं मीठ आणायला सुरुवात केली, ते स्वस्त पडतं म्हणून.

सरांना पिंपाशी रोज वाकलेलं आणखी कुणीतरी पाहिलं. ते होते आहेर. आहेरांचा असा गैरसमज झाला की सर झालं गेलं विसरून पाणपोईची सेवा करताहेत. ऐन उन्हात हातात काठी घेऊन पाणी ढवळणारा निवृत्त प्राध्यापक! आहेरांचे डोळे भरून आले. कमिटीने ठरवलं की मोठा कार्यक्रम करायचा, माजी आणि भावी नगरसेवक असलेल्या एका साहेबांना बोलवायचं आणि त्यांच्या हस्ते सरांना शाल-श्रीफळ द्यायचं.

सरांना आजवर कुणी शाल दिली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने घड्याळ दिलं होतं आणि तेही दुसऱ्याच एका निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर एकाच भाषणात. त्यामुळे निमंत्रण आल्यावर सर ताठ झाले. 'सत्कारमूर्ती प्रा. सावळीराम खैरनार' असा फलक फाटकावर लागला तेव्हा ते भाजी आणायचं निमित्त काढून त्याच्याखालून तीनदा गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सर सवयीने निपल पाहायला गेले आणि तिथेच वाकून राहिले. निपलभोवती आधी झिजणाऱ्या जस्ताची पांढरी भुकटी दिसायची, ती आता संपली होती. जस्त गेलं होतं. तिथे विटकरी कडं उमटलं होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी पाझरत होतं. सरांनी नखाने खरवडलं तर लोखंडाचा पापुद्रा निघून हातात आला. टेबलमध्ये लिहिलेलं सगळं त्याच क्रमाने होत होतं. आधी जस्त, मग लोखंड. ज्याची दोन महिने वाट पाहिली ते बोटभर अंतरावर आलं होतं.

खरं तर तेव्हाच आहेरांच्या दारावर थाप मारून "चला, बघा!" म्हणायला हवं होतं. सर तसे निघालेही. पण जिन्यात त्यांना आहेरांची सून भेटली, तिच्या हातात घडी घातलेली शाल होती. जरीकाठी, मोरपंखी. सरांनी ती पाहिली आणि ते परत फिरले.

संध्याकाळी मंडप भरला होता. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, नळाला पुन्हा हार होता. साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. शाल घातली गेली, नारळ दिला गेला, फोटो निघाले. मग आहेर माइकवर म्हणाले, "सरांचा आणि आमचा या नळावरून थोडा वैचारिक मतभेद होता. आज सरांनीच दोन शब्द बोलावेत."

सर उभे राहिले. खांद्यावर शाल होती, समोर सगळी सोसायटी होती आणि कुणी हसत नव्हतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एवढी माणसं त्यांच्याकडे गप्प राहून पाहत होती.

"मी पाडव्याला काही बोललो होतो," सर म्हणाले. त्यांची नजर नळाकडे गेली आणि तिथून साहेबांकडे आली. "पुस्तकातलं सगळंच प्रत्यक्षात उतरतं असं नाही. विज्ञानालाही मर्यादा आहेत. माझं चुकलं. हा नळ तुमच्या श्रद्धेने बसवलेला आहे. तो पडणार नाही."

काय टाळ्या पडल्या! आहेरांनी त्यांना मिठी मारली. पगाऱ्यांनी सगळं मोबाइलवर घेतलं. तीस वर्षं पोरांना ज्या आकड्यांसाठी उभं केलं, बाहेर काढलं, नापास केलं, ते आकडे खैरनार सरांनी एका शालीवर सोडून दिले. आणि ते खरे ठरत असताना सोडले.

"आता साहेबांच्या हस्ते पहिला ग्लास!" आहेर म्हणाले.

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहत नळ फिरवला. नळ फिरला आणि फिरतच त्यांच्या हातात आला. अर्धा निपल नळाबरोबर, अर्धा पिंपात. मधल्या भोकातून पाण्याची धार सुटली ती थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

"दाबा! दाबा कुणीतरी!" आहेर ओरडले. सगळ्यांत जवळ सत्कारमूर्ती होते. सरांनी पुढे होऊन भोकात अंगठा घातला आणि धार थांबली.

आहेरांनी माइक घेतला. "मित्रहो, गोंधळ नको. सरांनी आत्ताच स्पष्ट केलंय की शास्त्रीयदृष्ट्या हा नळ पडू शकत नाही. त्याअर्थी यात कुणाचा तरी हात आहे!"

सगळ्यांनी हात शोधला. नळ साहेबांच्या हातात होता. पगाऱ्यांनी घाईघाईने माइक काढून घेतला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली.

सर तोंड उघडत होते आणि मिटत होते. "मी सांगितलं होतं!" हे वाक्य दोन महिने त्यांच्या घशाशी तयार होतं. पण आता ते बोलायची सोय उरली नव्हती. पगाऱ्यांनी व्हिडिओ ग्रुपवर टाकलाही होता आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं येत होती. साहेबांची गाडी गेली. चंदर कुणाच्या लग्नाला पेठला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. "सर, पाच मिनिटं धरा," असं म्हणून आहेर मिसळीच्या रांगेकडे गेले आणि त्यांच्यामागे मंडप रिकामा झाला.

साधनाताई जवळ आल्या. भिजलेल्या शालीचं टोक त्यांनी चिमटीत धरून पाहिलं. रंग जात होता.

"दोन महिने माझं डोकं खाल्लंत. नळ पडणार, नळ पडणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरातलं मीठ संपवलंत. ते मी चालवून घेतलं, म्हटलं, माणसाचा आपल्या विद्येवर विश्वास आहे. आणि पडायच्या दिवशीच नाही म्हणालात?"

साधनाताईंनी शालीचं टोक सोडलं आणि त्या मिसळ घ्यायला गेल्या.

फाटकातून गोजराबाई आल्या. फुलं संपली होती, टोपली रिकामी होती. त्यांना सत्काराशी देणंघेणं नव्हतं आणि नळ पडल्याचं नवलही नव्हतं. त्यांनी साखळीचा ग्लास उचलला आणि सरांच्या अंगठ्याखाली धरला.

"सर, जरा अंगठा काढा," त्या म्हणाल्या. "लय तहान लागलीय."

सरांनी अंगठा काढला. ग्लास भरल्यावर परत लावला. गोजराबाईंच्या मागे आणखी माणसं येऊन उभी राहिली होती.